सात नव्या पैशांचा धडा

(पक्षाच्या जिल्हा अभ्यासशिबिरात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे. — संपादक)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘विद्यापीठीय माध्यमशिक्षण : एक चिंतन’ असा छापला आहे. चिंतन करण्याइतका मी त्या विषयाचा अधिकारी नाही. उभा जन्म अर्थशास्त्र शिकविण्यात गेला. निवृत्तीनंतर तीन वर्षे एका महाविद्यालयाच्या माध्यमविभागात मी आठवड्याला दोन तास शिकवीत असे, एवढाच माझा त्या प्रांताशी संबंध. तरीही हा विषय मी मागून घेतला, ह्याचे कारण आपल्यातल्याच एका साथींनी मला विचारलेला प्रश्न.

हे साथी एस.टी.त कंडक्टर आहेत. गेल्या वर्षी जूनमध्ये ते घरी आले. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती आणि तिला ‘मीडिया’ला जायचे होते. विनाअनुदानित तुकडीची फी ऐकून ते हबकले होते, पण त्यांचा प्रश्न फीचा नव्हता. ते म्हणाले, “सर, वर्तमानपत्रात नोकरी करणे मला समजते. पण वर्तमानपत्राचा अभ्यास म्हणजे काय? त्यात तीन वर्षे अभ्यास करण्यासारखे असते तरी काय?” त्या दिवशी मी त्यांना दिलेले उत्तर घाईचे होते. आज ते जरा सविस्तर देतो.

आपल्याकडे हे शिक्षण अगदी नवे नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात वृत्तपत्रविद्येचा विभाग १९५२ साली निघाला. पुणे विद्यापीठाचा विभाग १९६४ चा. मुंबई विद्यापीठाने २००० च्या सुमारास पदवीचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला आणि मग गल्लोगल्लीच्या महाविद्यालयांतून त्याच्या विनाअनुदानित तुकड्या निघाल्या. पूर्वी विषयाचे नाव ‘वृत्तपत्रविद्या’ होते. मग ‘संज्ञापन’ हा शब्द आला, जो विद्यापीठाच्या पाटीबाहेर फारसा पडलाच नाही. आता सारे ‘मीडिया’ म्हणतात. नाव बदलले तरी एक गोष्ट मात्र बदललेली मला दिसली नाही. वृत्तपत्र कसे लिहावे हे ह्या वर्गांतून शिकविले जाते. वृत्तपत्र कोणाच्या पैशावर निघते हे जवळजवळ शिकविले जात नाही.

ही उणीव नजरचुकीने राहिली असेल असे कोणी समजू नये. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील वृत्तपत्रविद्येची शाळा १९१२ साली उघडली, ती जोसेफ पुलित्झर ह्या बड्या वृत्तपत्रमालकाच्या वीस लाख डॉलरांच्या देणगीतून. ह्या शाळेत काय शिकवावे ह्यावर आधी बरीच चर्चा झाली होती. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स इलियट ह्यांनी सुचविलेल्या आराखड्यात वृत्तपत्राचे व्यवस्थापन, जाहिरात, छपाई ह्यांचाही समावेश होता. पुलित्झरने तो मानला नाही. पत्रकारिता ही विद्वानांची वृत्ती आहे, तिच्या वर्गात दुकानाची खातेवही नको, अशी त्याची भूमिका होती. भूमिका उदात्त खरीच. परंतु ज्याने आयुष्यभर तीच खातेवही उत्तम सांभाळून कोट्यवधी मिळविले, त्यानेच ती विद्यार्थ्यांपुढे उघडू नये म्हणावे, ह्यात मला थोडी गंमत वाटते.

त्या शाळेचे दार उघडल्यावर पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. ते वृत्तपत्रविद्येच्या वर्गात गेले नाहीत, अर्थशास्त्राच्या वर्गात गेले. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ काढला, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. तरीही ते पत्र तीनेक वर्षांपलीकडे जगू शकले नाही. ज्यांच्यासाठी पत्र काढावयाचे त्यांच्याजवळ वर्गणीला पैसा नाही, आणि ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांना हे पत्र नको, हा पेच अर्थशास्त्राच्या ह्या विद्यार्थ्याने स्वतःच्या अंगावर घेतला होता. पुढे १९४३ साली पुण्यात रानडे जयंतीच्या व्याख्यानात त्यांनी तत्कालीन वृत्तपत्रव्यवसायाची गणना साबणाच्या कारखानदारीशेजारी केली. त्यामागे हा अनुभव होता असे मी समजतो.

आता ज्या धड्यासाठी मी हे सारे सांगतो आहे त्याकडे वळतो. कोलंबियातूनच डॉक्टरेट घेऊन आलेले नानासाहेब परुळेकर ह्यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात ‘सकाळ’ सुरू केला, हे आपल्याला ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष ह्यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. त्याच्या सदस्यांत आचार्य नरेंद्र देव होते आणि अर्थशास्त्रज्ञ डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हेही होते. ह्या आयोगाने १९५४ साली अहवाल दिला. त्याने एक साधे निरीक्षण नोंदविले. मोठी भांडवलदार वृत्तपत्रे जाहिरातींच्या बळावर तितक्याच किमतीत अधिक पाने देतात आणि छोट्या पत्रांचा वाचक ओढून नेतात. त्यावर उपाय सुचविला तो असा की, किंमत आणि पाने ह्यांची सांगड कायद्यानेच घालावी. अमुक पैशांना अमुकच पाने. त्याप्रमाणे १९५६ साली कायदा झाला, १९६० साली प्रत्यक्ष आदेश निघाला.

त्या आदेशाला आव्हान दिले ते कोणा साखळीवृत्तपत्राच्या मालकाने नव्हे, तर ‘सकाळ’ने. निकालपत्रातील आकडे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे. ‘सकाळ’चा रोजचा खप ५२ हजार. आठवड्याचे पाच दिवस सहा पाने आणि एक दिवस चार, म्हणजे सहा दिवसांत ३४ पाने. अंकाची किंमत ७ नवे पैसे. जागेपैकी सुमारे ४० टक्के जागा जाहिरातींची. नव्या आदेशाप्रमाणे तितकीच पाने द्यायची तर किंमत ७ वरून ८ पैसे करावी लागणार होती. प्रश्न एका नव्या पैशाचा होता! परंतु किंमत वाढविली तर खप घटतो; पाने घटविली तर बातम्या तरी कमी होतात किंवा जाहिराती तरी; जाहिराती घटल्या की उत्पन्न घटते आणि पुन्हा किंमत वाढवावी लागते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एवढे नेटके उदाहरण मी दिलेले नाही. सप्टेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरविले. निकालपत्र न्यायमूर्ती मुधोळकर ह्यांनी लिहिले. व्यापाराचे नियमन करण्याच्या निमित्ताने शासनाला भाषणस्वातंत्र्यावर थेट मर्यादा घालता येणार नाही, आणि किती लोकांपर्यंत पोचावे हाही त्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, असा त्याचा आशय.

आमच्या घरी वडील समाजवादी, शाळामास्तर. हा निकाल म्हणजे भांडवलाचा विजय, असे ते अखेरपर्यंत म्हणत. विद्यार्थिदशेत मीही तेच म्हणत असे. आज माझे मत तसे राहिलेले नाही, हे कबूल केले पाहिजे. पाने मोजण्याचा अधिकार एकदा सरकारच्या हाती दिला की ते सरकार कोणाचे असेल ह्याची हमी नसते. १९७५ च्या जूनमध्ये ती हमी आपण पाहिली. तेव्हा न्यायालयाने जी भीती बाळगली ती खोटी नव्हती. परंतु म्हणून नरेंद्र देव आणि राव ह्यांनी सही केलेला प्रश्न खोटा ठरत नाही. त्या प्रश्नाला न्यायालयाने उत्तर दिले नाही. ते त्याचे कामही नव्हते. १९७२ साली कागदाच्या कोट्याचा खटला पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायमूर्ती मॅथ्यू ह्यांनी बहुमताविरुद्ध निकाल देताना हाच धागा उचलला होता. ज्याच्याजवळ छापखाना नाही त्याच्या भाषणस्वातंत्र्याचे काय, असा त्यांचा रोख होता. हे दोन निकाल समोरासमोर ठेवून विद्यार्थ्यांना भांडायला लावावे, त्यात आपल्या घरातले भांडणही येऊ द्यावे, ह्याला मी अभ्यास म्हणतो.

ह्या भांडणाची दुसरी बाजू समजायची तर इंग्लंडला जावे लागेल. तेथे ‘डेली हेरल्ड’ नावाचे कामगारांचे दैनिक होते. १९११ साली लंडनच्या संपकरी मुद्रणकामगारांनी संपाचे पत्रक म्हणून ते काढले आणि पुढच्या वर्षी त्याचे दैनिक झाले. १९२२ पासून ते कामगार संघटनांच्या महासंघाकडे होते. नंतर त्यात एक खाजगी प्रकाशक भागीदार झाला. १९३३ साली त्याने वीस लाखांचा खप गाठला. आणि १९६४ साली ते बंद पडले. बंद पडले त्या वेळी त्याचा खप साडेबारा लाखांच्या घरात होता, वाचक सत्तेचाळीस लाख होते. ‘टाइम्स’, ‘फिनान्शियल टाइम्स’ आणि ‘गार्डियन’ ह्या तीन प्रतिष्ठित पत्रांच्या एकत्रित वाचकांच्या जवळजवळ दुप्पट! मग ते मेले कशाने? राष्ट्रीय दैनिकांच्या एकूण खपात त्याचा वाटा सुमारे आठ टक्के होता, पण जाहिरातींच्या उत्पन्नात जेमतेम साडेतीन टक्के. वाचक होते, पण ते कामगार होते आणि वयाने प्रौढ होते. जाहिरातदाराला त्यांच्या खिशात रस नव्हता. आकडे सांगून झाल्यावर एका मुलाने मला विचारले, “सर, म्हणजे वाचक गरीब असणे हा पेपरचा गुन्हा?” तीन वर्षांत मला विचारला गेलेला तो सर्वांत चांगला प्रश्न.

ही हकीकत शोधून, आकड्यांनिशी मांडली कोणी? जेम्स करन ह्या लंडनमधील विद्यापीठीय अभ्यासकाने. साथींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. वृत्तपत्रात नोकरी करणाऱ्याला त्याचे वृत्तपत्र का मेले हे सांगायला सवड नसते, आणि ते जगत असेपर्यंत सांगायची सोय नसते. विद्यापीठाला दोन्ही आहे, निदान असावी. दूरचित्रवाणी पाहणारा प्रेक्षक हाच मुळी जाहिरातदाराला विकला जाणारा माल आहे, हा सिद्धान्त १९७७ साली मांडणारे डॅलस स्माइथ हेदेखील मूळचे अर्थशास्त्रज्ञ, अमेरिकी सरकारच्या दळणवळण आयोगात नोकरी करून विद्यापीठात आलेले. आज आपण सारे खिशात फोन घेऊन फिरतो आणि तो ‘फुकट’ बातम्या देतो म्हणून खूष असतो. त्यांना स्माइथ वाचायला द्यावा. फार कठीण नाही. इंग्रजीत आहे एवढीच अडचण.

आता माझ्या वर्गाविषयी. मला बोलाविले होते ते अर्थशास्त्राचा प्राथमिक पेपर शिकवायला. त्यात मागणी-पुरवठ्याचे आलेख होते आणि उदाहरणे चहा-कॉफीची. मी चहा-कॉफी काढून टाकली आणि वर्तमानपत्र घातले. पहिल्याच दिवशी विचारले की अंक छापायला किती खर्च येतो? कोणालाच सांगता येईना. मग विचारले, घरचे पेपरचे महिन्याचे बिल किती आणि त्यातले किती रद्दी विकून परत मिळतात? ज्या मुली घरचा हिशेब पाहत होत्या त्यांनी चटकन सांगितले. येथून सुरुवात केली. बहुतेक मोठ्या दैनिकांच्या बाबतीत वाचक जी किंमत देतो तीत छपाईचा आणि वितरणाचा खर्चही धड निघत नाही, हे मुलांच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांचा पुढचा प्रश्न अपरिहार्य होता: बाकीचे कोण देतो?

मग प्रत्येकाने आठवडाभर एक दैनिक घ्यायचे, पट्टी घ्यायची, आणि जाहिरातीची जागा, बातमीची जागा आणि जिच्याविषयी शंका येते ती जागा, अशी तीन रकान्यांत सेंटिमीटरची नोंद करायची, असा पाठ मी दिला. तिसरा रकाना मुलांना आवडला. कारण तो भरताना वाद होत. एका तालुक्याच्या गावाहून आलेल्या मुलाने एक बारा पानी पुरवणी आणली. कोण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची. त्यातील ‘लेख’ कोणत्या रकान्यात घालायचे? वर्गात बराच वेळ गोंधळ झाल्यावर तो म्हणाला, “सर, ही पुरवणी माझ्या वडिलांनी भरली आहे.” वडील तालुका वार्ताहर होते. मानधन नावापुरते, खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनची. वर्षातून ठरावीक रकमेच्या जाहिराती आणल्या नाहीत तर वार्ताहरपद जाणार. ज्या सभापतीच्या विरुद्ध बातमी द्यायची, त्याच्याच दारी वाढदिवसाची जाहिरात मागायला उभे राहायचे. मुलगा हे सांगत असताना कोणी हसले नाही. आपण कार्यकर्ते तालुक्याच्या वार्ताहराला ‘विकला गेलेला’ म्हणून मोकळे होतो. तो विकला गेला असेल, पण त्याला बाजारात कोणी उभे केले, हे आपण विचारलेले नाही.

हे केवळ तालुक्यापुरते नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकाच नेत्याविषयी शब्दन् शब्द एकच मजकूर निरनिराळ्या नावांनी छापून आला, हे पी. साईनाथ ह्यांनी उघडकीस आणले. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी बसला. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी ह्यांची उपसमिती नेमली. त्यांनी २०१० साली नावानिशी सविस्तर अहवाल दिला. कौन्सिलने तो तसा प्रसिद्ध न करता कापून छोटा केला. मूळ अहवाल लोकांपुढे यायला माहिती आयोगाचा आदेश व्हावा लागला आणि २०११ साल उजाडले. हा अहवाल म्हणजे माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी तयार पाठ्यपुस्तक आहे.

माझ्या पट्टीच्या पाठाचे पुढे काय झाले तेही सांगतो. दुसऱ्या वर्षाअखेर विभागप्रमुखांनी मला बोलावले. गृहस्थ सज्जन. म्हणाले, “सर, मुलांनी मोजलेली वृत्तपत्रे हीच त्यांना उमेदवारीसाठी घेतात. एका व्यवस्थापकांच्या कानावर हे गेले आहे. आपण परदेशी वृत्तपत्रे मोजायला दिलीत तर?” मी तिसऱ्या वर्षी परदेशी वृत्तपत्रे दिली नाहीत, पण पाठ ऐच्छिक केला, एवढी माघार घेतली. ती घ्यायला नको होती असे आता वाटते. पुलित्झरने खातेवही वर्गाबाहेर ठेवली ती देणगीदार ह्या नात्याने. आमच्या विभागाने ती बाहेर ठेवली ती नोकरीच्या आशेने. परिणाम एकच.

ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोटतिडकीने येतो. गरिबाची मुले एवढी फी भरून येतात, त्यांना पोटापाण्याचे कसब द्या. जाहिरातदाराची निंदा शिकवून त्यांना कोण नोकरी देणार? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. परंतु निंदा शिकवा असे मी म्हटलेलेच नाही. मुंबईच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी मुलांची वाटणी होते: काही पत्रकारितेकडे, काही जाहिरातीकडे. वृत्तपत्राच्या कचेरीत जी दोन खाती एकमेकांवर जगतात, ती विद्यापीठात दोन निराळ्या खोल्यांत शिकविली जातात आणि मधल्या भिंतीला दार नसते. ते दार पाडावे एवढीच माझी मागणी आहे. ज्या मुलाला पानाचे गणित येते तो नोकरीत अधिक उपयोगी ठरतो. आणि कोणता मजकूर कोणाच्या पैशाने आला हे त्याला समजते, म्हणून तो वाकला तरी जाणून वाकतो. तालुका वार्ताहराच्या मुलाला हे मी शिकविण्याची गरज नव्हती. त्याने ते मला शिकविले. पण त्याला ते मराठीत ठाऊक होते आणि परीक्षा बहुतांशी इंग्रजी पुस्तकांवर होती. मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा देऊन हा प्रश्न सुटत नाही. मराठीत वाचायला काही हवे. नरेंद्र देव ज्या आयोगावर होते त्याच्या अहवालाचा सारांश, ‘सकाळ’चा निकाल, पेड न्यूजचा अहवाल, एवढे जरी मराठीत दोनशे पानांत आले तरी पुष्कळ होईल. आपल्यापैकी काहींनी मिळून हे काम हाती घ्यावे असे मी सुचवितो. मी माझ्या वाट्याची पाने लिहून देतो.

आणि दुसऱ्याच्या खातेवहीविषयी इतके बोलल्यावर आपलीही उघडावी. आपले हे साप्ताहिक जाहिरातदाराच्या मिंधेपणात नाही ह्याचा आपल्याला अभिमान आहे. मग ते कोणाच्या बळावर निघते? वर्गणीदारांच्या. आज येताना व्यवस्थापकांनी माझ्या हाती थकलेल्या वर्गणीदारांची यादी दिली आहे. ती मी वाचून दाखविणार नाही. ह्या सभागृहातील बरीच नावे तीत आहेत. माझेही आहे.

साथींची मुलगी ह्या वर्षी दुसऱ्या वर्षाला आहे. मी तिला जाऊ द्या म्हटले होते, ते फीच्या हप्त्यांची चिंता असूनही म्हटले होते. तिने परवा मला विचारले की तिच्या महाविद्यालयात पाने मोजण्याचा पाठ नाही, तर तो आपला आपण करता येईल का. ती आज येथे आली आहे आणि तिने दाराजवळच्या टेबलावर गेल्या आठवड्याची चार दैनिके मांडून ठेवली आहेत. पट्ट्या दहा आहेत, तेव्हा तिघांत एक घ्यावी लागेल. चहा झाला की आपण सुरुवात करू. तिसऱ्या रकान्यावर भांडण झाले तरी चालेल.